सार्जंटची पत्रं वाचायची असतील तर आधी कंटाळवाण्या चिठ्ठ्या उघडा

चित्रकाराची पत्रं म्हटलं की बहुतेकांना व्हॅन गॉगने भावाला लिहिलेली पत्रं आठवतात, आणि तीच अपेक्षा घेऊन माणूस जॉन सिंगर सार्जंटकडे वळला की तोंडघशी पडतो. सार्जंट (१८५६ ते १९२५) मन मोकळं करणाऱ्यांतला नव्हताच मुळी. पॅरिस, लंडन, बोस्टनच्या बड्या लोकांची पोर्ट्रेटं करणं हा त्याचा धंदा, दिवस सिटिंगमध्ये (माणसाला समोर बसवून रंगवण्यात) जायचा आणि संध्याकाळ कुणाकडे तरी जेवायला, त्यामुळे पत्रं कशाची तर अमक्या वारी अकरा वाजता या, शनिवारी जमणार नाही, तो ड्रेस नको दुसरा घाला, असल्याची. लोक अशा चिठ्ठ्या सरळ स्क्रोल करून पुढे जातात आणि 'भानगड' शोधतात. माझं म्हणणं उलटं आहे. या फुटकळ चिठ्ठ्या आधी वाचा, त्यांच्यावर तारखा बसवा, मगच त्या चारदोन गाजलेल्या पत्रांना हात घाला, नाहीतर ती पत्रं नुसती चटपटीत वाक्यं म्हणून डोक्यात राहतात.

आधी पत्रं सापडतात कुठे ते. माणसाने लिहिलेलं पत्र त्याच्या घरात नसतं, ते ज्याला लिहिलं त्याच्या ड्रॉवरमध्ये असतं. त्यामुळे नुसतं सार्जंटचं नाव टाकून सर्च केलंत तर चित्रांचे फोटो येतील ढीगभर आणि पत्रं नावाला. नाव टाकायचं ते पत्र मिळणाऱ्याचं. बोस्टनच्या श्रीमंत संग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर बाईंना लिहिलेली पत्रं त्यांच्याच नावाच्या म्युझियममध्ये आहेत. बोस्टनच्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये सार्जंटचं वेगळं अर्काइव्ह आहे, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या अर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमधलं तर बरंच काही स्कॅन होऊन घरबसल्या फुकट बघता येतं. त्यांच्या साइटवर 'फाइंडिंग एड' नावाची यादी असते, कुठल्या बॉक्समध्ये कुठला फोल्डर आणि त्यात काय हे सांगणारी. ती आधी पूर्ण वाचा. कंटाळा येतो, मान्य, पण नंतरचा शोधाशोधीचा बराच वेळ वाचतो.

पत्र उघडलं की पहिला प्रश्न काय लिहिलंय हा नाही, कुणाला लिहिलंय हा. सोसायटी पेंटरच्या, म्हणजे बड्या लोकांची पोर्ट्रेटं करणाऱ्याच्या बाबतीत तर हे फारच. ज्याचे पैसे यायचेत त्याच्याशी तो एक बोलतो, मित्राशी दुसरं, बहिणीशी तिसरंच. तुमच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये एक कॉलम याच्यासाठीच ठेवा: गिऱ्हाईक, मित्र, घरचे, संस्था. बहीण एमिलीला १८८५ मध्ये लिहिताना तो रडकुंडीला आलेला दिसतो, बागेत संध्याकाळच्या उजेडात मुली कंदील लावतायत असं मोठं चित्र चाललेलं (तेच 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ', आता लंडनच्या टेटमध्ये), आणि तक्रार काय तर रंग पुरेसे उजळ नाहीत आणि तो उजेड टिकतोच दहा मिनिटं. असं गिऱ्हाइकाला कोण लिहील? त्याला विश्वास वाटला पाहिजे ना की चित्रकाराला सगळं येतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'मॅडम एक्स'. हे चित्र घेऊन एकदा पूर्ण साखळी लावून बघाच, पद्धत हातात बसते. चित्रातली बाई व्हर्जिनी गोत्रो, पॅरिसमधली गाजलेली सुंदरी, आणि इथे उलटा प्रकार, गिऱ्हाईक चित्रकाराकडे आलं नाही, चित्रकारच मागे लागला. कुणी पैसे देऊन करून घेतलेलं चित्र नाहीच हे. तर पहिलं पत्र बेन देल कास्तियो या मित्राला, मला हिचं पोर्ट्रेट करायचंय, तुझं तिच्याशी बरं असेल तर सांग तिला की मी अफाट टॅलेंटचा माणूस आहे. म्हणजे वशिला! मग फेब्रुवारी १८८३ मध्ये वर्नन लीला, ही लेखिका आणि त्याची लहानपणापासूनची मैत्रीण. तिला विचारतो की अंगभर पावडर थापून फिकट जांभळ्या किंवा टिपकागदाच्या रंगाची झालेली माणसं तुला आवडत नाहीत का, नसतील तर माझं मॉडेल तुला आवडायचं नाही, पण तिच्या अंगाच्या रेषा मात्र फार सुंदर आहेत. नंतर उन्हाळ्यात ब्रिटनीतल्या तिच्या बंगल्यावरून पुन्हा वर्नन लीलाच, की बाईंचं न रंगवता येणारं सौंदर्य आणि कमालीचा आळस यांच्याशी झुंजतोय. आता ही तीन पत्रं एका ओळीत ठेवा आणि त्यांच्या शेजारी चित्राची आधीची स्केचेस उघडा. सोफ्यावर लोळलेली, पुस्तकात डोकं घातलेली, कंटाळलेली बाई दिसते त्यात. पत्रातला 'आळस' तिथे अक्षरशः कागदावर उतरलाय. पत्र एका टॅबमध्ये आणि चित्र दुसऱ्या टॅबमध्ये, ही सवय लावूनच घ्या.

पुढे १८८४ च्या सलोंमध्ये (पॅरिसचं मोठं चित्रप्रदर्शन) चित्र लागलं आणि गदारोळ झाला, उजव्या खांद्यावरून घसरलेला ड्रेसचा पट्टा लोकांना खटकला, तो त्याने नंतर वर सरकवून पुन्हा रंगवला. पण त्या दिवसाचं वर्णन मिळतं ते त्याच्या पत्रात नाही, मित्र राल्फ कर्टिसने आपल्या आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात. गोत्रोची आई स्टुडिओत येऊन रडारड करतेय, माझी मुलगी बरबाद झाली, अख्खं पॅरिस हसतंय, वगैरे. इथून पुढचा नियम असा की चित्रकार गप्प बसला की आजूबाजूच्यांची पत्रं काढायची. आणि या साखळीचं शेवटचं टोक १९१६ मध्ये आहे, गोत्रोबाई आदल्या वर्षी वारलेल्या, सार्जंट ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला १,००० पौंडांना विकतो आणि डायरेक्टरला लिहितो की मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम असावं, पण बाईंचं नाव चित्राला देऊ नका. तीस वर्षांवर होऊन गेली होती तरी त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं, हे या एका विनंतीवरून कळतं, बाकी कुठे तो ताकास तूर लागू देत नाही.

आता अक्षर. सार्जंटचं अक्षर म्हणजे डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनला लाजवेल असं, घाईत खरडलेलं. सुरुवात अशा पत्रापासून करा ज्याचा मजकूर कुणीतरी आधीच टाइप करून छापलाय. स्कॅन डावीकडे, छापील उजवीकडे, आणि ओळीमागून ओळ जुळवत जा. त्यातून त्याची अक्षरं कापून (स्क्रीनशॉट घ्या सरळ) एक बाराखडी बनवा त्याच्या हाताची, शेवटी ओढलेली रेघ कुठल्या अक्षराची, कुठले शब्द अर्धेच सोडतो, ते सगळं. मग नवीन पत्र घ्या. अडलं की फार झूम करू नका, उलट झूम आउट करा, शब्दाचा आकार लांबून लवकर ओळखू येतो. मध्येच फ्रेंच घुसतं, त्यामुळे एखादा शब्द इंग्रजीत काही केल्या लागत नसेल तर तो इंग्रजी नसण्याची शक्यता धरा, माणूस फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला अमेरिकन, युरोपभर वाढलेला, चार भाषा बोलणारा. ट्रान्सक्रिबससारखं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर आहे, मदत होते, पण नावं आणि आकडे त्याच्यावर सोडू नका. आणि स्पेलिंग सुधारायचा मोह आवरा! १९०७ मध्ये राल्फ कर्टिसला तो लिहितो की आता पोर्ट्रेटं बंद, मला वीट आलाय, विशेष करून वरच्या वर्गातल्यांचा, आणि त्यात 'पोर्ट्रेट' हा शब्द मुद्दाम वेडावाकडा लिहिलाय. तो नीट करून टाइप केलात तर पत्रातला सगळा वैताग गेला.

तारखांचं मात्र खरं डिटेक्टिव्ह काम आहे आणि मला यातच सगळ्यात मजा येते. चिठ्ठीवर नुसतं 'मंगळवार' असतं किंवा 'मंगळवार १४ मे', साल नाहीच. तेव्हा कागदाच्या डोक्यावरचा पत्ता बघा. ४१ बुलेव्हार बेर्तिए असेल तर पॅरिस, १८८३ च्या शेवटापासून पुढची दोनेक वर्षं. ३३ टाइट स्ट्रीट असेल तर लंडन, चेल्सी, १८८६ पासून पुढे. ३१ टाइट स्ट्रीट असेल तर १९०० च्या आसपास शेजारचं घर घेतल्यानंतरचं. आता समजा ३३ नंबरच्या कागदावर 'मंगळवार १४ मे' आहे. ऑनलाइन कॅलेंडर उघडा, १४ मे मंगळवारी येतो १८८९, १८९५, १९०१, १९०७ मध्ये. पत्ता ३३ चा म्हणून शेवटची दोन सध्या बाजूला. १८९५ च्या मे महिन्यात साहेब अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात बिल्टमोरला पोर्ट्रेटं करत होते, म्हणजे लंडनहून चिठ्ठी कशी लिहितील. राहिलं १८८९. त्याचे वडील एप्रिल १८८९ च्या शेवटी वारले, तेव्हा कागदाला काळी किनार दिसली (सुतकाचा कागद असायचा तसा) तर तुमचा अंदाज आणखी पक्का. तरी वहीत 'बहुधा' हा शब्द लिहायचाच, कारण जुना छापील कागद नंतरही वापरला जातो, घरात उरलेला असतो तो कोण फेकतं.

समोर बसलेल्यांची पत्रं हा वेगळाच खजिना. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं १८८५ चं पोर्ट्रेट आहे, त्यात तो खोलीत फेऱ्या मारतोय आणि बायको पार कडेला. स्टीव्हन्सनने ते चित्र कसं विचित्र झालंय, मी एका कोपऱ्यात आणि बायको भुतासारखी दुसऱ्या टोकाला, असं स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय, आणि तरी त्याला ते आवडलेलं दिसतं. चित्रकाराच्या दहा चिठ्ठ्यांत मिळणार नाही ते सिटिंगला बसलेला माणूस एका पत्रात सांगून जातो.

संस्थांना लिहिलेली पत्रं वाचताना सूर एकदम कडक इस्त्रीचा होतो. १९०७ मध्ये सर ही पदवी देऊ केली तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमनना त्याने आभार मानून कळवलं की मी राजाचा प्रजाजन नाही, अमेरिकन नागरिक आहे, सबब माझा हक्क नाही. खलास. आणि हा त्याच वर्षीचा माणूस जो कर्टिसला वैतागून लिहितोय. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा.

पण म्हणून तो कायमच हातचं राखून लिहितो असं समजू नका. १९१८ मध्ये युद्धाचं चित्र काढायला फ्रान्समध्ये गेला (त्यातूनच 'गॅस्ड' झालं), तिथे फ्लूने आजारी पडून हॉस्पिटलच्या तंबूत काढलेल्या दिवसांबद्दल त्याने गार्डनर बाईंना लिहिलं, जखमींचं कण्हणं आणि विषारी गॅस लागलेल्यांचं खोकणं ऐकत पडलो होतो, भयंकर होतं. बासष्टीचा माणूस होता तेव्हा. फुटकळ चिठ्ठ्या भरपूर वाचलेल्या असल्या की या पत्रातला बदललेला आवाज लगेच कानाला लागतो.

हीच पद्धत आपल्याकडे लावायची असेल तर राजा रविवर्मा घ्या. राजेरजवाड्यांची पोर्ट्रेटं करणारा, मुंबईत गिरगावात १८९४ मध्ये छापखाना काढणारा. त्याचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे पत्रव्यवहार बराचसा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा बघायचा आणि त्याची इंग्रजी डायरी उपलब्ध आहे, म्हणजे इथे 'कुणाला लिहिलं' याच्या जोडीला 'कुणी लिहिलं' हाही कॉलम लागेल. सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी, बडोद्याचे माजी दिवाण, यांनी १८८४ मध्ये त्याला पत्रातून सुचवलं होतं की मागणी एवढी आणि हात दोनच, तेव्हा चित्रं युरोपात पाठवून ओलिओग्राफ (रंगीत छापील प्रती) करून घे. तो छापखाना पुढे निघाला त्याचं बी या पत्रात आहे.

स्कॅन नसलेलं पत्र हवं असेल तर अर्काइव्हला मेल टाका, पण 'सार्जंटची सगळी पत्रं पाठवा' असं नको. कलेक्शनचं नाव, बॉक्स, फोल्डर, पत्र कुणाला आणि अंदाजे साल असं लिहा, आणि स्कॅनचे चार्जेस किती तेही त्याच मेलमध्ये विचारा. मिळालेल्या फाइलला लगेच नाव द्या, साल-कुणाला-बॉक्स नंबर. लिंका बदलतात, बॉक्स नंबर सहसा बदलत नाही. आणि पुढे कुठे छापायचं असेल तर परवानगी वेगळी मागावी लागते, वाचायला मिळालं म्हणजे छापायला मिळालं असं नाही.