नागपुरात पदवीच्या प्रथम वर्षाला येताना करावयाची तयारी

सर्वांत आधी चेन असलेली एक प्लास्टिकची फाइल घ्यावी, कारण प्रवेशाची धावपळ आणि विदर्भातला पाऊस एकाच वेळी सुरू होतात आणि भिजलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळवायला बराच वेळ जातो. या फाइलमध्ये दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, टीसी (शाळा वा महाविद्यालय सोडल्याचा दाखला), अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर असावे. मूळ टीसी महाविद्यालयात जमा होते, म्हणून जमा करण्यापूर्वीच तिच्या पाच झेरॉक्स काढाव्यात आणि एक स्वच्छ स्कॅन स्वतःच्या ईमेलवर ठेवावा. सीबीएसईतून आलेल्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. मध्ये एखादे वर्ष गेले असेल, तर गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. शासकीय दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर निकालानंतर मोठी गर्दी होते, तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता करावा. मात्र, त्यावरची मुदत वाचून घ्यावी, कारण मुदत संपलेला जुना दाखला शिष्यवृत्तीसाठी स्वीकारत नाहीत.

फाइल भरली की सगळी कागदपत्रे टेबलावर शेजारी-शेजारी मांडून त्यांवरील नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. हे मी कळकळीने सांगतो. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावातले एक इंग्रजी अक्षर गळाले होते. घरात कोणाच्याही ते लक्षात आले नाही, आणि त्या एका अक्षरापायी माझ्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती वर्ष संपेपर्यंत अडकून राहिली. त्या वर्षीचा मेसचा खर्च आईने उसनवारीवर भागवला. आज प्रथम वर्षाला शिकवताना तशीच अडचण घेऊन आलेली मुले दर वर्षी भेटतात. चूक आढळली, तर ती प्रवेशाआधी दुरुस्त करायला घ्यावी.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर विद्यार्थ्यालाच भरावा लागतो. महाविद्यालय तो फक्त तपासून पुढे पाठवते. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. घरच्यांनी दोन-तीन खाती उघडलेली असतील, तर आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याशी जोडले गेले त्यात पैसे जातात, म्हणून बँकेत जाऊन ते खाते कोणते आणि ते चालू आहे का, याची खात्री करून घ्यावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांनी समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची (बाहेर राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीची) चौकशी अवश्य करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींनीही एक गोष्ट विचारावी: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. अनेक पालकांपर्यंत ही माहिती पोहोचलेलीच नसते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा हिशेब श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) होतो आणि ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्यामुळे डिजिलॉकरमधून अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा १२ अंकी शैक्षणिक ओळख क्रमांक, काढून ठेवावा. हजेरीचे गणितही पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावे. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास; ४ श्रेयांकांच्या विषयाचे ६० तास होतात आणि परीक्षेला बसण्यासाठी लागणारी ७५ टक्के हजेरी म्हणजे त्यांपैकी ४५. आठवड्याला ४ तास धरले, तर चार आठवडेही पुरते बुडवता येत नाहीत. भंडारा, गोंदिया, वर्ध्याहून आलेली मुले पोळ्याला गावी जातात, गणपतीत राहतात आणि दिवाळीनंतर परततात ती थेट हिवाळी परीक्षेच्या तोंडावर. तेव्हा पाहिले, तर हजेरी संपलेली असते. आजारपणासाठी काही तास राखून ठेवावेत, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात डेंग्यूचा ताप दर घरी नसला, तरी दर वर्गात असतोच.

खोली किरायाने घेताना महाविद्यालयापासूनचे अंतर नकाशावर पाहून निर्णय घेऊ नये. सकाळी साडेसातला तिथून निघून वर्गात वेळेवर पोहोचता येते का, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात आणि त्यांतली लोकमान्यनगरची मार्गिका हिंगणा रस्त्याने जाते, त्यामुळे हिंगणा रस्त्यावर शिकणाऱ्याने त्या मार्गिकेवर कुठेही खोली घेतली, तरी चालते. अनामत रकमेची पावती, विजेच्या मीटरचे त्या दिवशीचे आकडे आणि पाणी किती वाजता येते, या तीन गोष्टी सामान आत नेण्यापूर्वी ठरवाव्यात. खिडकीला कूलर बसतो का, हेही तेव्हाच पाहावे. जुलैत ते सुचत नाही, पण उन्हाळी परीक्षेचा अभ्यास पंचेचाळीस अंशांत करायचा असतो. मेसचे पैसे पूर्ण महिन्याचे देण्याआधी चार दिवस जेवून पाहावे.

पुस्तके पहिले दोन आठवडे विकत घेऊ नयेत. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून घ्यावा, ग्रंथालयाचे ओळखपत्र काढावे आणि शिक्षक खरोखर कोणते पुस्तक वापरतात, ते पाहून मग खरेदीला सीताबर्डीच्या बाजारात जावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या प्रत्येक प्रकरणातल्या इंग्रजी संज्ञांची वेगळी वही ठेवावी, डाव्या बाजूला संज्ञा आणि उजव्या बाजूला आपल्या शब्दांत अर्थ. पहिल्या सत्रात ही वही भरत गेली, की वर्गात न समजलेले विचारायची भीड पुष्कळ कमी होते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

रॅगिंगविरोधी हमीपत्र सही करून परत देण्याच्या घाईत न वाचता देऊ नये. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार करता येते. हा क्रमांक, घरचे दोन क्रमांक, रक्तगट आणि वर्गशिक्षकांचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती फाइलच्या आतल्या कप्प्यात ठेवावी. मोबाइल हरवला किंवा बंद पडला, तरी चिठ्ठी जवळ राहते.