गळाला धार लावणे आणि गंजापासून त्याला जपणे

कोकणात ज्याला गरी म्हणतात तो गळ बहुधा कार्बनयुक्त पोलादाचा असतो आणि त्यावर कथलाचा, निकेलचा किंवा लाखेसारखा पातळ थर चढवलेला असतो. कानस फिरली की टोकावरचा हा थर निघतो आणि खाडीचे खारे पाणी नेमके तिथेच पोलादाला भिडते. त्यामुळे धार लावणे आणि गंज रोखणे ही एकाच वेळी करायची कामे आहेत. आज घासलेली आणि तेलाविना ठेवलेली गरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच तांबूस दिसू लागते.

धार लावण्याआधी तिची गरज आहे का, हे पाहावे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर तिरके टेकवून हलकेच ओढावे. ते नखात रुतले तर गळ तयार आहे, घसरले तर बोथट आहे. खडकाला घासल्यावर किंवा मासा सोडवल्यावर ही परीक्षा काठावरच करावी. कारखान्यात आम्लाने टोकदार केलेल्या महागड्या गळांना मात्र शक्यतो कानस लावू नये, कारण त्यांचे सुईसारखे टोक हाताने पुन्हा साधत नाही.

गळ वाकाजवळ पकडीत घट्ट धरावा. बारीक दात्यांची छोटी कानस उलट्या काट्याकडून (टोकामागच्या, मासा निसटू न देणाऱ्या खाचेकडून) टोकाकडे, एकाच दिशेने, आतल्या दोन्ही बाजूंनी फिरवावी आणि शेवटी बाहेरच्या पाठीवर एक-दोन हलके हात द्यावेत, म्हणजे टोकाला तीन कडा येतात. कानस पुढे-मागे घासली तर टोकाला वळ पडतो. प्रत्येक बाजूला तीन-चार हात सहसा पुरतात. उत्साहाच्या भरात टोक फार बारीक करणाऱ्याला तांबोशाच्या हाडकट जबड्यावर ते वाकलेले पाहावे लागते. लहान गळांसाठी कानशीपेक्षा धार लावायचा दगड बरा.

गंजाचे खरे कारण पाण्याइतकेच मीठ आहे. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की वाळलेले मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, आणि कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणून गळ नुसता पुसून भागत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी तो गोड्या पाण्यात धुवावा, नेढ्यात आणि उलट्या काट्याखाली अडकलेले आमिष काढावे, कापडावर पूर्ण वाळवावा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. आमिष लावण्यापूर्वी हे तेल पुसून टाकावे. वापरलेला ओला गळ नव्या गळांच्या डबीत टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण एका गळाचे मीठ साऱ्या डबीला लागते. स्टेनलेस आणि साधे गळ ओलसर अवस्थेत एकमेकांना चिकटून राहिले तर साधा गळ अधिक लवकर गंजतो, म्हणून त्यांचे कप्पे वेगळे असावेत. डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी.

वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. पृष्ठभागावर खड्डे पडले असतील किंवा उलट्या काट्याच्या मुळाशी गंज असेल, तर गळ तिथेच मोडतो. असा गळ पकडीने तुकडे करून बंद डब्यातून कचऱ्यात द्यावा, पुळणीवर टाकू नये.