डिक व्हिटिंग्टनवर भाषण तयार करताय? मग आधी हे वाचा

फोंडा-डिचोलीकडे वक्तृत्व स्पर्धांचा सीझन आला की कुणीतरी पोराला डिक व्हिटिंग्टनवर बोलायला लावतंच, आणि मग पोर मांजराची गोष्ट सांगून खाली बसतं. तुम्ही तसं करू नका. लंडनला आलेला गरीब मुलगा, उंदीर मारून त्याला श्रीमंत करणारं मांजर, त्याला शहरात परत बोलावणाऱ्या घंटा, हे सगळं माणूस गेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी पसरलेलं. दोन वाक्यांत सांगा नि पुढे सरका, कारण खरा डिक, म्हणजे लंडनचा मेयर झालेला व्यापारी रिचर्ड व्हिटिंग्टन, त्यापेक्षा कितीतरी भारी आहे.

वहीत उभी रेघ मारा, डावीकडे साल, उजवीकडे घटना. सुरुवात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या पॉन्टली गावापासून करा, घर जमीनदाराचं पण हा धाकटा, जमीन काय वाट्याला येणार नाही, म्हणून लंडनला उंची कापडाच्या धंद्यात शिकायला गेला. मखमल, रेशीम विकता विकता थेट राजा दुसऱ्या रिचर्डपर्यंत पोचला, १३९२ ते १३९४ मध्ये दरबाराला साधारण ३,५०० पौंडांचा माल दिला. हा आकडा सांगाच, तेव्हाच कळतं की पुढची पदं कशी आली. १३९३ ला आल्डरमन म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, त्याच वर्षी शेरीफ, म्हणजे शहराचा कायदा-सुव्यवस्था बघणारा अधिकारी.

आता मेयरपद. कुठे तीनदा लिहिलेलं असतं, कुठे चारदा, मुलं गोंधळतात. जून १३९७ मध्ये आधीचा मेयर वारला तेव्हा राजाने याला नेमलं, आणि मग त्याच वर्षी, १४०६ ला नि १४१९ ला निवडून आला. नेमणूक धरली तर चार. इथे पोरांना हेही सांगा की आपल्या पणजीच्या महापालिकेसारखं सगळ्या लोकांचं मतदान तेव्हा नव्हतं, निवड शहरातल्या वजनदार व्यापाऱ्यांच्या हातात होती, मुदत एक वर्षाची. पुढच्या राजांना, चौथ्या आणि पाचव्या हेन्रीला, त्याने कर्जंसुद्धा दिली, त्यामुळे राजा बदलला तरी याचं वजन कमी झालं नाही.

उरलेला सगळा वेळ मृत्युपत्राला द्या, माझ्या मते खरं भाषण तिथेच आहे. मार्च १४२३ ला गेला, मूलबाळ नव्हतं, पैसा शहराला दिला. न्यूगेटचा तुरुंग नव्याने बांधला गेला, म्हाताऱ्या गरिबांसाठी घरं झाली, आणि त्याआधीच, १४२१ पासून, त्याच्याच पैशातून थेम्सच्या काठावर १२८ जणांचं सार्वजनिक शौचालय, ६४ पुरुषांना, ६४ बायकांना, भरतीचं पाणी येऊन घाण धुऊन न्यायचं. मांडवीची भरती-ओहोटी रोज बघणाऱ्या पोरांना हे समजवावं लागत नाही, फक्त फळ्यावर नदी काढून दाखवा. त्याची ती गरिबांच्या घरांची संस्था मर्सर्स कंपनी, म्हणजे लंडनच्या कापड व्यापाऱ्यांची जुनी संघटना, आजही चालवते.