ब्लॉगवर शेअरची बटणं लावताय? आधी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून बघा

नवा ब्लॉग काढला की बहुतेक जण एकच करतात, दोन पोस्टी लिहून होतात न होतात तोच प्लगिनच्या, म्हणजे ब्लॉगला जोडायच्या छोट्या तयार प्रोग्रॅमच्या, मागे लागतात, आणि त्यातही पहिलं काय हवं असतं तर शेअरची बटणं, फेसबुकचं निळं, व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं, शेजारी आकडा वगैरे. मला विचाराल तर हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. मराठी ब्लॉग वाचणारा माणूस तुमच्या पानावरचं बटण फारसं दाबतच नाही, तो वरची लिंक कॉपी करतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो, नाहीतर ब्राउझरच्या तीन टिंबांतून शेअर मारतो. त्यामुळे ग्रुपवर पडलेली लिंक कशी दिसते याच्यावर सगळा खेळ आहे.

मी कोथरूडला राहते, दिवसा कंटेंटची नोकरी आणि उरलेल्या वेळात वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथली झाडं-पक्षी यावर ब्लॉग. शिवाय 'तू ते कॉम्प्युटरचं बघतेस ना' या एका नात्याने ओळखीतल्या अर्ध्या लोकांचे ब्लॉग मीच सेट करून दिलेत, त्यामुळे नवीन माणूस नेमका कुठे अडकतो ते चांगलंच माहीत झालंय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, कारण निम्मे लोक इथेच गोंधळतात. वर्डप्रेस म्हणजे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, पण वर्डप्रेस डॉट कॉम वेगळं आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग वेगळं. डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर आपल्या मनाने प्लगिन टाकता येत नाहीत, डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) आपलं आपण विकत घ्यायचं, मग काय हवं ते घाला. गुगलच्या ब्लॉगरवर प्लगिन ही भानगडच नाही, तिथे गॅजेट असतात आणि थीमचं, म्हणजे ब्लॉगच्या तयार रूपाचं, एचटीएमएल एडिट करता येतं. नुसतं लिहायचं असेल तर फुकटवालं घ्या आणि लिहायला लागा, हे सगळं शिकायचंय, उद्या रेझ्युमेत दाखवायचंय असं असेल तरच होस्टिंगचे पैसे घाला, आणि घालताना पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळू नका, रिन्यूअलचा भाव विचारा, तो बऱ्याचदा भलताच निघतो.

आता लिंक. नारायण पेठेतले एक काका आहेत, रिटायर झाल्यावर पेठांच्या आठवणी लिहायला लागले, मराठी टायपिंग माझ्यापेक्षा फास्ट. त्यांनी 'सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर आणि आमचं लहानपण' अशी झकास पोस्ट लिहिली, ग्रुपवर लिंक टाकली आणि मला फोन.

"अगं, हे टक्के-टक्के काय आलंय? मुलगा तिकडून मेसेज करतोय की बाबांचा फोन हॅक झालाय, कुणी उघडू नका."

"काका, हॅक नाही झालेला, ते मराठीच आहे."

"याला मराठी म्हणायचं?"

म्हणायचं, काय करणार. ब्राउझरच्या पट्टीत लिंक छान देवनागरीत दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे टाकली की तिचं टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार असं लांबलचक शेपूट होतं. कारण असं की देवनागरीतलं एक चिन्ह युटीएफ-८ मध्ये (अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहितात, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. त्यात काना, मात्रा, उकार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगळं मोजायचं. 'पुणे' आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, लिंकमध्ये तो ३६ जागा खातो! आणि वर्डप्रेस या शेपटाला, ज्याला स्लग म्हणतात, जास्तीत जास्त २०० जागा देतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं झाली की कात्री. काकांच्या पोस्टची लिंक 'सदाशिव-पेठेतला-खुन्या-मु' इथे तुटली होती, मुरलीधरातला नुसता 'मु' राहिला.

उपाय साधा आहे, पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पॅनेलमध्ये स्लगवर क्लिक करून तो रोमन अक्षरांत आणि छोटा लिहायचा, नुसतं खुन्या, मध्ये डॅश, मुरलीधर, बास. पोस्टचं नाव मराठीत आहे तसंच राहतं, फक्त लिंक बदलते. आधीच पब्लिश झाली असेल तरी बदला, जुन्या लिंकवर आलेल्या माणसाला वर्डप्रेस आपोआप नव्यावर पाठवतं. ब्लॉगरवाल्यांची तऱ्हा उलटी, तिथे मराठी नाव दिलं की लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडा येतो, त्यामुळे तिथे कस्टम पर्मालिंक निवडून रोमनमध्ये लिहायची, तीही पब्लिशच्या आधीच, नंतर बदलायची तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यायला लागते.

लिंक सरळ झाली की तिच्यासोबत येणारं कार्ड, फोटो, नाव आणि दोन ओळी. हे ओपन ग्राफ नावाच्या टॅगांवर, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणांवर चालतं, फेसबुकने २०१० साली आणलं आणि आता व्हॉट्सअ‍ॅप, लिंक्डइन, टेलिग्राम सगळे तेच वाचतात. योस्ट किंवा रँक मॅथ यापैकी एक एसईओ (गुगलवर पान नीट सापडावं यासाठीचं) प्लगिन असलं की हे टॅग तेच घालतं, फक्त पोस्टला फीचर्ड इमेज लावायची विसरायचं नाही. यापैकी एक म्हणजे खरोखर एक, दोन्ही चालू ठेवली की टॅग दोनदा पडतात आणि मग कधी हा फोटो कधी तो. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवा आणि वजन कमी करून घ्या, पाच-सहा एमबीचा कॅमेऱ्यातून काढलेला डायरेक्ट चढवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाखवतच नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप बऱ्याचदा मधला चौकोन तेवढा कापून घेतं, म्हणून पक्षी असो की देऊळ, मुख्य गोष्ट मध्यभागी.

अजून एक, व्हॉट्सअ‍ॅपचं कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं, एकदा गेलं की गेलं, तुम्ही नंतर फोटो बदलून काही उपयोग नाही. म्हणून आधी स्वतःच्याच नंबरला पाठवून बघायची सवय लावा. जुनाच फोटो चिकटून बसला असेल तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीही एक आकडा जोडून परत टाका, नवी लिंक समजून ते नव्याने वाचतं. फेसबुकसाठी त्यांचंच शेअरिंग डीबगर नावाचं पान आहे, तिथे लिंक टाकून 'स्क्रेप अगेन' दाबायचं. आणि कार्ड अजिबातच येत नसेल तर 'कमिंग सून' वालं पान अजून चालू नाही ना ते बघा, काही होस्टिंगवाले ते आपल्याला न विचारता चालू करून देतात.

एवढं झालं की मग बटणं. हवीच असतील तर कमी लावा, मराठीसाठी व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि लिंक कॉपी करायचं बटण एवढं पुरे आहे. इन्स्टाग्रामचं शेअर बटण खूप जण मागतात, पण वेबपेजवरून थेट इन्स्टाच्या पोस्टमध्ये लिंक टाकायची सोयच नाही, त्यामुळे तिथे फक्त आपल्या प्रोफाइलचा दुवा देता येतो. आकडे दाखवणारी बटणं तर नकोच. ट्विटरने शेअरचे आकडे द्यायचं २०१५ मध्येच बंद केलं, गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं, तरी जुन्या प्लगिनांमध्ये हे सगळं अजून सापडतं. आणि नव्या ब्लॉगवर '० शेअर्स' असं ठळक लिहून काय मिळवायचंय? एफसी रोडवर रिकामं हॉटेल बघून माणूस पुढच्या गर्दीच्या हॉटेलात नंबर लावतो, तसंच होतं ते.

बटणांचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे बाहेरच्या कंपनीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपल्या पानावर चालते, आणि दुसरा म्हणजे साधी लिंक. स्क्रिप्टवाल्यांमध्ये पान जड होतं, वाचकाचा माग काढला जातो तो वेगळाच, आणि ती कंपनी बंद पडली की आपण लटकतो. अ‍ॅडधिस नावाची सर्व्हिस एकेकाळी जिकडेतिकडे होती, ओरॅकलने ती विकत घेतली आणि मे २०२३ अखेर बंद करून टाकली, सगळीकडची बटणं गायब. साध्या लिंकवाल्यांत स्क्रिप्टलेस सोशल शेअरिंग नावाचं एक प्लगिन आहे, दिसायला अगदी बाळबोध पण पान हलकं ठेवतं. जेटपॅक नावाचं प्लगिन आधीच टाकलेलं असेल तर त्यातलीच बटणं चालू करा, वेगळं काही घेऊ नका. स्क्रीनच्या तळाला तरंगणारी पट्टी मात्र प्लीज लावू नका, मोबाइलवर शेवटच्या दोन ओळी तिच्याखाली जातात, आणि आपला वाचक मोबाइलवरच आहे.

दिसण्याचं म्हणाल तर मराठीचे स्वतःचे त्रास आहेत आणि ते कुठल्याच इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाहीत. पुष्कळ थीममध्ये हेडिंगच्या अक्षरांत मोकळी जागा सोडलेली असते, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात, इंग्रजीत ते स्टायलिश दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ती व्हॅल्यू ० करायची, अ‍ॅडिशनल सीएसएस मध्ये एका ओळीचं काम आहे. दुसरं, ओळींमधलं अंतर कमी असतं, मग वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात, मजकुराला लाइन-हाइट १.७ च्या आसपास ठेवून बघा. फॉन्ट मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी, तिन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट. आणि सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करा, त्याने नुसता मेनू मराठी होत नाही, पानावर भाषेची खूण पडते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. 'वाचायला किती मिनिटं' दाखवणारी काही प्लगिन देवनागरी शब्द मोजूच शकत नाहीत, दोन हजार शब्दांच्या लेखावर खुशाल '१ मिनिट' लिहितात, त्यामुळे टाकायच्या आधी तपासा.

हे सगळे बदल थीमच्या फाइलमध्ये घुसून करू नका, थीम अपडेट झाली की पुसले जातात. अ‍ॅडिशनल सीएसएस नाहीतर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला हात न लावता तिच्यावर बसवलेली आपली छोटी थीम.

प्लगिन निवडताना रेटिंगच्या चांदण्या मी शेवटी बघते. आधी 'लास्ट अपडेटेड' कधीचं आहे, मग सपोर्टमध्ये लोकांच्या प्रश्नांना अलीकडे उत्तर मिळालंय का, मग मालक बदललाय का. हे मालकाचं उगाच नाही सांगत, डिस्प्ले विजेट्स नावाचं चांगलं चाललेलं प्लगिन विकलं गेलं, नव्या मालकाने त्यात चोरदरवाजा घातला आणि २०१७ मध्ये ते वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून कायमचं काढलं गेलं. शेअरवालीही यातून सुटलेली नाहीत, सोशल वॉरफेअरमध्ये मार्च २०१९ मध्ये भोक सापडलं आणि लोकांच्या साइटींवर हल्ले झाले, मग घाईघाईने दुरुस्ती आली. आणि टेलिग्रामवर 'प्रो व्हर्जन फ्री' म्हणून जी फिरतात ती कुणी वर पैसे दिले तरी घेऊ नका. नको असलेलं प्लगिन नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीट करा, फाइली सर्व्हरवर असेपर्यंत धोका आहेच.

माझ्या ब्लॉगवर काय आहे तर एसईओचं एक, स्पॅमसाठी अकिस्मेट, बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस (गुगल ड्राइव्हला जोडलेलं) आणि कॅशचं (पानाची तयार प्रत ठेवून ते पटकन उघडून देणारं) एक, बाकी सगळ्याला नाही म्हणायला शिकलेय. कॅशचं घेताना होस्टिंगचा सर्व्हर लाइटस्पीडचा आहे का विचारा, असेल तर लाइटस्पीड कॅश, नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश. आणि काही बदललं तरी दिसत नसेल तर डोकं फोडून घ्यायच्या आधी कॅश रिकामी करा, दहातल्या आठ वेळा तेच असतं.

नवीन प्लगिन टाकलं आणि साइट पांढरी पडली तर घाबरू नका. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते, तिथून आत जाऊन ते प्लगिन बंद करायचं. मेल आली नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं. साइट चालू आहे पण काहीतरी विचित्र होतंय असं असेल तर हेल्थ चेक नावाच्या प्लगिनचा ट्रबलशूटिंग मोड वापरा, त्यात सगळी प्लगिन फक्त तुमच्यापुरती बंद होतात, वाचकाला काही कळत नाही, मग एकेक चालू करत चोर पकडायचा. आणि प्रयोगच करायचे असतील तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे, ब्राउझरमध्येच अख्खं वर्डप्रेस उघडतं, होस्टिंगही लागत नाही, टॅब बंद केला की संपलं.

नोकरीच्या दृष्टीने म्हणाल तर कंटेंट आणि डिजिटल मार्केटिंगच्या इंटरव्ह्यूला ब्लॉगची लिंक मागतातच, आणि मला तरी बटणांबद्दल कुणी विचारलेलं नाही, 'हे पान मोबाइलवर उघडायला किती वेळ घेतं' हे विचारलंय. पानाचा वेग मोजणाऱ्या गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपला आकडा बघून जा, आणि तो का कमी आहे हे सांगता आलं तर जास्तच बरं.

पुण्यात वर्डप्रेसवाल्यांची मंडळी बरीच आहेत, मीटअप होतात, वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेसवाल्यांची मोठी संमेलनंही झालीत, आणि लोक मदत करतात, नवीन आहे म्हणून कुणी हसत नाही. फक्त 'माझी साइट चालत नाही' एवढंच घेऊन जाऊ नका. टूल्स, साइट हेल्थ, त्यात इन्फो नावाचा टॅब आहे, तिथे कॉपीचं बटण दाबलं की वर्डप्रेस, थीम, प्लगिन सगळ्यांची व्हर्जनं एका झटक्यात मिळतात, ती फोनमध्ये पेस्ट करून न्या, म्हणजे समोरच्याला विचारत बसायला लागत नाही.