संत्र्याच्या सालीतून तेल आणि पेक्टिन कसं काढायचं, आणि फेसाचं काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. सालं खाण्याच्या तेलात बुडवून आठवडाभर ठेवली की जे मिळतं ते संत्र्याचं तेल नाही, ते संत्र्याचा वास लागलेलं खाण्याचं तेल आहे. खरं तेल वाफेने काढायचं. आणि सालं उन्हात वाळवून घ्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, उन्हात सगळ्यात आधी उडतं ते तेलच. ज्यूस काढला त्याच दिवशी सालं वापरा, ठेवून दिली की बुरशी धरायला लागते.

तेल असतं ते वरच्या नारिंगी थरात. साल वाकवून दाबली की बारीक तुषार उडतात ना, त्या तेलाच्या पिशव्या फुटतात. आतला पांढरा भाग तेलाचा नाही, पेक्टिनचा (जॅम-जेली घट्ट करतो तो पदार्थ), म्हणून नारिंगी थर पीलरने पातळ सोलून वेगळा करा आणि पांढरं नंतरसाठी बाजूला ठेवा.

आता डिस्टिलेशन, म्हणजे सालींतून गेलेली वाफ नळीतून नेऊन गार करायची आणि बाटलीत जमवायची. माझी सगळ्यात जास्त वाट लागली ती इथे. सुरुवातीला मी अख्खी सालं मिक्सरमधून काढून थेट पाण्यात उकळायचो. पांढऱ्या भागातलं पेक्टिन गरम पाण्यात उतरतं, पाणी दाटसर होतं, फेस धरतो आणि तो फेस झाकणाला लागून सरळ नळीत शिरतो. बाटलीत तेलाऐवजी लगद्याचं गढूळ पाणी आणि तळाला करपलेला थर, तो करपट वास मग तेलातून जातच नाही, काहीही करा.

उपाय एकच, सालं पाण्यात टाकायची नाहीत. तळाला पाणी, त्याच्या वर चांगली तीन-चार बोटं जागा सोडून जाळी, आणि सालं जाळीवर सैल पसरलेली, दाबून भरलेली नाही, नाहीतर वाफ एकाच फटीतून निघून जाते आणि बाकीची सालं कोरडीच राहतात. तेलाचा मुख्य घटक लिमोनीन एकटं 176 अंशाला उकळतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर 100 च्या खालीच निघून येतं, त्यामुळे आच मोठी करून काहीही मिळत नाही. सेकंदाला एक-दोन थेंब पडले की पुरे. बाटलीत पडणारं पाणी हाताला गारच लागलं पाहिजे, कोमट लागलं तर आच कमी करा आणि कंडेन्सरचं (वाफ गार करणाऱ्या भागाचं) पाणी बदला. खोलीभर वास दरवळला म्हणून खूश होऊ नका, तो वास म्हणजे हातातून गेलेलं तेल.

आणि हे कृपा करून मनावर घ्या: नळी तुंबू शकते, म्हणून बाटलीकडचं तोंड कधीही बंद करायचं नाही, बंद भांड्यात वाफ कोंडली की स्फोट होतो. बाटली आचेपासून लांब ठेवा, लिमोनीन पेट घेतं. प्लास्टिक आणि रबराच्या नळ्या नकोत, हे तेल थर्मोकोलसुद्धा विरघळवतं, काच किंवा स्टील घ्या. तळाचं पाणी आटू देऊ नका.

तास-दीड तासात बहुतेक तेल येऊन जातं. वेगळं करायला बाटली अर्धीच भरून फ्रीझरमध्ये ठेवा, पाण्याचा बर्फ होतो, तेल वर पातळच राहतं, ओतून घ्या. किलोभर सालीतून काही मिलिलिटरच मिळेल, लिटरची अपेक्षा ठेवू नका. छोट्या गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा, हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन त्वचेला अ‍ॅलर्जी करतं, त्यामुळे शिळं तेल अंगाला लावायचं नाही.

पांढरा भाग सायट्रिक अ‍ॅसिड घालून साधारण 2 पीएचच्या, म्हणजे लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात 85 अंशाला तासभर ठेवा, कापडातून गाळा, पिळू नका. पूर्ण गार झालं की सगळ्या ज्वाला विझवून गाळलेल्या पाण्याच्या दुप्पट इथेनॉल (अल्कोहोल) घाला. पेक्टिनच्या जेलीसारख्या गुठळ्या वर येतात, त्या गाळून इथेनॉलनेच धुवा आणि मंद उष्णतेवर वाळवा, मात्र उघड्या ज्वालेजवळ नाही.