जन्मताना नस दुखावलेला हात: बाळाचे स्नायू आखडू नयेत म्हणून घरी काय करावे

बाळंतपणात डोके बाहेर येऊन खांदा अडकला, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याला ताण बसतो. या जुडग्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्याची पाच मुळे असतात आणि बहुतेक वेळा त्यांतली वरची दोन दुखावतात. बाळाचा हात अंगालगत पडून राहतो, कोपर सरळ असते, तळवा मागे वळलेला असतो आणि मनगट दुमडलेले असते. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना हे होते. बाळ वजनदार असल्यास किंवा आईला मधुमेह असल्यास शक्यता वाढते, पण यांपैकी काहीही नसतानाही ते होऊ शकते, त्यामुळे बाळंतिणीला दोष देण्यात अर्थ नाही.

बऱ्याच बाळांचा हात पुढे सुधारतो. तरीही फिजिओथेरपिस्ट म्हणून मला जे आवर्जून सांगावेसे वाटते ते नसेपेक्षा स्नायूबद्दल आहे. घरची माणसे हात हलतो की नाही एवढेच पाहत राहतात आणि स्नायूची लांबी कुणी पाहत नाही.

स्नायूला नसेकडून हुकूम मिळेनासा झाला की तो बारीक होतो, हे सर्वांना ठाऊक असते. प्लॅस्टरमधून बाहेर आलेला हात बारीक दिसतो तसेच काहीसे. मोठ्या माणसात गोष्ट बऱ्याच अंशी इथेच थांबते. तान्ह्या बाळाचे मात्र हाड रोज वाढत असते आणि त्याच्या बरोबरीने स्नायूलाही लांब व्हावे लागते. स्नायूचा धागा सार्कोमियर नावाच्या सूक्ष्म घटकांनी ओळीने गुंफलेला असतो आणि नवे घटक जोडले गेले तरच त्याची लांबी वाढते. वळेसर लांब करायचा तर आणखी फुले ओवावी लागतात, दोरा ओढून काम होत नाही, तसेच हे आहे. जन्मतःच नस तुटलेल्या स्नायूत ही ओवण बिघडते, हाड पुढे निघून जाते, आहेत तेवढे घटक ताणले जातात आणि सांधा आखडतो. पूर्वी असे मानत की बलवान स्नायू दुबळ्या स्नायूला ओढून घेतो आणि म्हणून सांधा वाकडा होतो. पण कोपर वाकवणारा स्नायूच दुखावलेला असतो आणि तरीही कोपर वाकलेल्या स्थितीतच आखडते, ही गोष्ट त्या समजुतीत बसत नव्हती. उंदरांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून स्नायूची वाढच खुंटते, असे दिसून आले.

यातून घरच्यांनी लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हात हलू लागला तरी आखडण्याचा धोका संपत नाही. आठ महिन्यांच्या एका बाळाची आई मला समाधानाने म्हणाली होती, "आता हात तोंडापर्यंत जातो." मी बाळाच्या हातात घावनाचा तुकडा दिला. त्याने तो तोंडाशी नेला खरा, पण कोपर खांद्याच्या उंचीला बाजूला वर उचलून, तुतारी फुंकणाऱ्यासारखा. खांदा बाहेर वळत नव्हता, म्हणून बाळाने आपल्या परीने आडवाट काढली होती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. पहिले सात ते दहा दिवस हाताला विश्रांती द्यावी, कारण नसांना सूज असते आणि कधीकधी गळ्यापाशीचे हाडही मोडलेले असते. ते एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. या दिवसांत बाही अंगड्याला सेफ्टी पिनने पोटावर अडकवून ठेवली तर हात लोंबकळत नाही. बाळाला काखेत हात घालून उचलू नये, मानेखाली आणि कुल्ल्यांखाली आधार देऊन उचलावे. अंगडे घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा. झोळीत निजवताना तो हात अंगाखाली दबलेला नाही ना, हे पाहावे.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालायला बाई येते. तिला कामावरून काढण्याची गरज नाही, पण पहिल्याच दिवशी तिला तो हात दाखवून समजावून सांगावे. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला विश्रांतीच्या दिवसांनंतर हरकत नाही. दोन्ही हात धरून उचलणे, छातीवर हातांची उलटसुलट घडी घालणे, हात झटकणे हे मात्र पूर्ण बंद. त्या हाताची संवेदना कमी असू शकते, म्हणून शेगडीचा शेक त्या बाजूला देऊ नये. चटका बसला तरी बाळ रडणार नाही.

विश्रांतीनंतर डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू करावेत. सर्वांत महत्त्वाचा व्यायाम खांदा बाहेर वळवण्याचा, कारण आखडण्याची सुरुवात तिथूनच होते. बाळाला चटईवर उताणे निजवावे. त्याचे कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवावे, म्हणजे पुढचा हात (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) छताकडे उभा राहील. एका हाताने कोपर तिथेच धरून ठेवावे आणि दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर धरून पुढचा हात सावकाश बाहेरच्या बाजूला, चटईच्या दिशेने न्यावा. जिथे ताण जाणवेल तिथे दहापर्यंत आकडे मोजत थांबावे आणि परत आणावा. कोपर बरगडीपासून सुटले, तर खांदा वळल्यासारखा दिसतो पण स्नायू ताणला जात नाही. घरी होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. बाळ कळवळून रडले तर जोर करू नये, थांबून पुन्हा करावे.

बाकीचे व्यायाम सोपे आहेत. पाठीवरचे खांद्याचे पाते तळव्याने दाबून धरावे आणि हात कानापर्यंत वर न्यावा. कोपर पूर्ण सरळ करावे, तळवा आकाशाकडे वळवावा, मनगट आणि बोटे उघडावीत. प्रत्येक प्रकार पाच ते दहा वेळा, दर वेळी लंगोट बदलताना. यासाठी वेगळी वेळ काढायला गेलात तर भाताच्या लावणीच्या दिवसांत ती मिळत नाही, हा अनुभव आहे.

महिन्यातून एकदा मोजणी करावी. बाळाला त्याच चटईवर निजवून दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावीत, दोन्ही पुढचे हात एकदम बाहेर न्यावेत आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला वरून मोबाईलवर फोटो काढायला सांगावे. चांगला हात चटईला जवळजवळ टेकतो. दुसरा मागच्या महिन्यापेक्षा अलीकडेच थांबू लागला, खांद्यातून कट असा आवाज आला, किंवा काखेतल्या वळ्या दोन्हीकडे सारख्या दिसेनाशा झाल्या, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. आखडलेला स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून मागे सरकवतो आणि वाढत्या वयात ती खोबणही चपटी होते. हे पहिल्या वर्षातसुद्धा घडते. सोनोग्राफीत ते वेळीच दिसले, तर स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन आणि हात बाहेर वळवून घातलेले प्लॅस्टर यांवर भागू शकते. उशीर झाला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

नसेसाठीही मुदत असते. तुटलेली नस दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या वेगाने वाढते, त्यामुळे मानेपासून दंडापर्यंत पोहोचायला तिला काही महिने लागतात. तिसरा महिना भरताना बाळ स्वतःहून कोपर वाकवू लागले नसेल, तर नसांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ शकणाऱ्या डॉक्टरांनी बाळाला तपासलेच पाहिजे. नस पोहोचली नाही तर सुमारे दीड वर्षात स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरतात आणि मग नस जोडून उपयोग होत नाही. संपूर्ण हात बोटांसकट लुळा असेल, त्याच बाजूची पापणी उतरलेली व बाहुली लहान असेल, किंवा श्वास घेताना त्रास दिसत असेल, तर तीन महिनेही थांबू नये.

आशाताई जन्मानंतरच्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात. पहिल्याच भेटीत त्यांना हात दाखवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते. पुढच्या उपचारांसाठी मुंबईत परळला मुलांचे वाडिया रुग्णालय आहे आणि पुनर्वसनासाठी हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा संस्था आहे. तिसरा महिना गणपतीत येत असेल तर कोकण रेल्वेचे तिकीट आरक्षण खुले होताच काढून ठेवावे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे जरूर घालावे, पण "पावसाळा सरला की नेऊ" असे म्हणत थांबू नये.

नवव्या महिन्यात घावनाच्या तुकड्याची परीक्षा घरीही घेता येते. बाळाचा दंड अंगालगत अलगद धरून हातात तुकडा द्यावा आणि मान फारशी पुढे न झुकवता तो तोंडाशी पोहोचतो का, हे पाहावे. पोहोचला तरी व्यायाम सोडू नयेत. रांगणे, नारळाच्या रिकाम्या करवंट्या दोन्ही हातांनी एकमेकींवर आपटणे, ओटीच्या पायरीला धरून उभे राहणे अशा खेळांत त्यांचे रूपांतर करावे. शाळेच्या वयातही महिन्याचा तो फोटो चालू ठेवावा आणि उंची भराभर वाढण्याच्या वर्षांत तो अजिबात चुकवू नये, कारण तेव्हा हाड पुन्हा पुढे धावते आणि अनेक वर्षे सरळ राहिलेले कोपर याच काळात आखडू लागलेले मी पाहिले आहे.