व्हॅनमधल्या घाबरट कुत्र्याला सवयी लावताना

पॉमेरेनियन, डॅशहंड किंवा लहान चणीचं देशी कुत्रं घेऊन महिनोन्महिने व्हॅनमध्ये राहायचं, तर बाहेरचं सगळं रोज बदलणार हे धरून चालावं लागतं. म्हणून आतली एक जागा कधीच बदलू नका. ती म्हणजे त्याचा क्रेट, म्हणजे दार असलेला झोपायचा पिंजरा. कुत्र्याला आत उभं राहून वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं, एवढा तो पुरतो. फार मोठा घेतला तर वळणावर कुत्रं आत घसरतं आणि गाडीचीच धास्ती घेतं. क्रेट सीटमागे खाली ठेवून पट्ट्याने घट्ट बांधा, तीन बाजूंनी सुती चादर टाका आणि एक बाजू हवेसाठी मोकळी सोडा. आतलं अंथरूण सारखं धुऊ नका, त्याचा वास त्याला हवा असतो.

पहिले चार-पाच दिवस इंजिन बंदच राहू द्या. दार उघडं ठेवून आत खाऊ टाका आणि त्याला हवं तेव्हा बाहेर येऊ द्या. मग दार पाच सेकंद लावा, हळूहळू वेळ वाढवा. पुढे दहा सेकंद इंजिन चालू करून बंद करा. त्यानंतर शंभर मीटर जा आणि थांबा. खाऊ नेहमीसारखा खात असेल तर पुढची पायरी घ्या. तोंडात घेऊन टाकून देत असेल किंवा एरवी हळू घेणारं कुत्रं बोटाला दात लावत असेल, तर एक पायरी मागे या.

खाऊ म्हणून मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन उत्तम. तीन-चार किलोच्या कुत्र्याला अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा पुरे. खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे नको, आणि तेवढं जेवण कमी करा.

खरी कसोटी ढाब्यावर लागते. ट्रकचे हॉर्न, एअर ब्रेकचा फुस्स आवाज, मोकाट कुत्री. गाडी आवाराच्या टोकाला, दार रस्त्याच्या उलट बाजूला येईल अशी लावा. कुत्रं ट्रककडे बघेल, पण तुम्ही हाक मारल्यावर मान वळवेल, इतक्या अंतरावर बसा. ट्रक ऐकू आला की लगेच चिकन, ट्रक गेला की चिकन बंद. क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी चिकन दाखवलं आणि मग ट्रक आला, तर काही दिवसांत चिकन दिसताच कुत्रं बिचकू लागतं. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. झोप नसताना जांभई, सारखं नाक चाटणं, एक पंजा उचलून धरणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं ही भीतीची आधीची लक्षणं आहेत. भुंकणं बरंच नंतर येतं. यातलं एखादं लक्षण दिसलं तरी अंतर वाढवा. सवय व्हावी म्हणून ओढत जवळ नेलं, तर भीती हमखास वाढते. जवळ घेऊन थोपटल्याने मात्र ती वाढत नाही, खुशाल थोपटा.

मोकाट कुत्री धावून येण्याआधीच ‘चल’ म्हणताच उलट फिरायची सवय लावा. शांत जागी रोज दहा वेळा असं उलट वळवा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. प्रसंग आलाच तर मूठभर खाऊ त्या कुत्र्यांकडे भिरकवा आणि व्हॅनमध्ये शिरा.

गळ्यातल्या पट्ट्याला लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लावू नका. लहान जातींची, विशेषतः पॉमेरेनियनची, श्वासनलिका नाजूक असते. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खाली दोन बोटं शिरतील इतका सैल हार्नेस घ्या. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत त्यातून निसटतं, म्हणून हार्नेस आणि गळपट्टा एका छोट्या दोरीने जोडा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. दोन मीटरची साधी लीश बरी. आपोआप गुंडाळणाऱ्या लीशची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे येते, आणि ते जिवाच्या आकांताने पळत सुटतं. लीश अडकवल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळायचा.

एकटं राहण्याचा सराव पहाटे किंवा रात्रीच करा: पाच सेकंद, वीस, परत दहा, मग एक मिनिट. दिवसा बंद गाडीत ठेवू नका. उन्हात आतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे 10 अंशांनी चढतं, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

घाटात लाळ गाळणारं कुत्रं घाबरलेलंच असेल असं नाही, त्याला गाडी लागत असेल. निघण्यापूर्वी तीन तास खायला देऊ नका. तरीही उलटी होत असेल तर पशुवैद्याकडून उलटीचं औषध घ्या; माणसांची गोळी देऊ नका. क्रेटमध्येही थरथर थांबत नसेल, दोन-दोन दिवस खात नसेल, तर सराव थांबवून पशुवैद्यांना दाखवा. भीती कमी करणारी औषधं असतात, आणि ती चालू असताना हाच सराव सोपा जातो. नुसती गुंगी आणणारी गोळी मात्र मागू नका: अंग सुस्तावतं, भीती तशीच राहते.

नव्या मुक्कामी पहिली पंधरा मिनिटं फिरवायला नेऊ नका, पाच मीटरच्या दोरीवर व्हॅनभोवती हुंगू द्या. मुक्काम किमान तीन दिवसांचा ठेवा. एखाद्या दिवशी फटाक्यांनी किंवा ढोल-ताशाने फार घाबरलं असेल, तर दुसऱ्या दिवशी गाडी हलवू नका.